आठ मिनिटांची लढाई : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

आजपासून नोंदी. परग्रहावरच्या शत्रूशी लढण्यासाठी लष्कर एका असामान्य बुद्धीच्या मुलीला लहानपणापासून तयार करतं, त्यावरचा एक छोटा संगणकीय खेळ करायचा आहे. आम्ही दोघंच. लेखन आणि प्रोग्रॅमिंग माझ्याकडे. चित्रं, आवाज आणि माझ्या प्रत्येक कल्पनेवर शंका घेणं मैत्रिणीकडे.

विषय चांगलाच मळलेला आहे. गुरुत्व नसलेलं सरावाचं दालन, निर्दय शिक्षक, एकटं पडलेलं पोर आणि शेवटी तो सराव नव्हताच असा धक्का. दालन नको, धक्काही नको, एवढं पहिल्याच बैठकीत ठरलं. त्याऐवजी एक अट घालून घेतली : भौतिकशास्त्राशी लबाडी करायची नाही. प्रकाशाहून वेगवान यान नाही आणि प्रकाशाहून वेगवान निरोपही नाही. या अटीच्या मागे गेलं की गोष्ट कुठे पोचते ते बघायचं.

अभिमन्यूचं नाव अर्थातच निघालं. त्याच्या अर्धवट विद्येत मला रस नाही, त्यावर बोलून झालेलं आहे. मला खुपतं ते युधिष्ठिराचं आश्वासन. तू वाट फोड, आम्ही तुझ्या पाठोपाठ आत शिरतो, असं मोठ्यांनी सांगितलं, पोरगा आत गेला आणि मोठ्यांना जयद्रथाने दारातच रोखलं. आमच्या खेळातल्या मोठ्यांनी काय आश्वासन दिलंय, हे आधी शोधायला हवं.

७ जानेवारी

शत्रूला जागा हवी. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. याहून जवळचा पर्यायच नाही, त्यामुळे वाद झाला नाही. त्याच्याभोवती फिरणारा एक ग्रह २०१६ मध्ये जाहीर झाला. पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे विसाव्या हिश्शावर तो फिरतो आणि त्याचं वर्ष साधारण अकरा दिवसांत संपतं. तारा लाल बटू, म्हणजे लहान आणि मंद, पण स्वभावाने तापट. त्याच्यावरून जोरदार ज्वाला उसळत असतात. चित्रकाराला एवढं पुरलं, ती लगेच रंग काढायला बसली.

मग वेग. सूर्यमालेबाहेर निघालेलं नासाचं यान व्हॉयेजर १ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जातं. त्या वेगाने एवढं अंतर कापायला जवळपास ७५ हजार वर्षं लागतील. म्हणून शत्रूवर निघालेल्या आमच्या यानांच्या ताफ्याला प्रकाशाच्या एक दशांश वेग दिला, म्हणजे सेकंदाला ३० हजार किलोमीटर. असं यान आज कुणाकडेही नाही, पण निसर्गाचा कुठला नियम त्याच्या आड येत नाही. प्रवासाला ४२.४ वर्षं. या वेगाला घड्याळं फारशी मंदावत नाहीत : सबंध प्रवासात ताफ्यावरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच महिन्यांनी मागे पडतं, बस. तरुण योद्धा परत येतो आणि घरचे सगळे म्हातारे झालेले असतात, हा करुण प्रसंग त्यामुळे आपोआप बाद झाला. मला तो नकोच होता.

एवढा वेग कमवायला प्रचंड ऊर्जा लागते, आणि थांबायचं म्हटलं तर तितकाच वेग पुन्हा घालवावा लागतो. आमचा ताफा थांबत नाही. तो आत शिरतो आणि पलीकडून निघून जातो. ग्रहाच्या कक्षेचा व्यास दीड कोटी किलोमीटरच्या आसपास. ३० हजाराने भागा : आठ मिनिटं.

बेचाळीस वर्षं प्रवास आणि आठ मिनिटं लढाई. नाव मिळालं.

९ जानेवारी

शस्त्रांची यादी करायला बसलो होतो. कागद फाडला. या वेगाने जाणाऱ्या एक किलो वजनाच्या कुठल्याही वस्तूत, अगदी दगडातही, शंभर किलोटन टीएनटी या स्फोटकाहून थोडी जास्त ऊर्जा असते. हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे पंधरा किलोटनांचा होता. क्षेपणास्त्रं, किरण, ढाली, सगळा पसारा निकालात. यान हेच शस्त्र.

त्यामुळे सेनापतीच्या हाती निर्णय उरतात ते दोनच. कुठे जायचं, आणि आदळायचं की शेजारून निघून जायचं.

१५ जानेवारी

आज कालरेषा काढली आणि प्रकल्पाचा कणा सापडला असं वाटतंय.

ताफा निघाला ते वर्ष शून्य. तो पोचतो ४२.४ व्या वर्षी. आठ मिनिटांच्या लढाईत इथून हुकूम सोडणं अशक्य, कारण हुकूम पोचायला सव्वाचार वर्षं लागतात. तेव्हा लढाईत जे काही डोकं चालणार आहे ते आधीच यानांवर असायला हवं. ते वाटेत सुधारता येतं, निरोप पाठवून. पण निरोपालाही शेवटची तारीख आहे. ४२.४ मधून ४.२४ वजा करा : ३८.१६. ताफा निघाल्यापासून अडतीस वर्षं आणि दोन महिने. त्यानंतर पाठवलेला कोणताही धडा लढाई उरकल्यावर पोचेल.

आणि लढाईत काय झालं ते इथे कधी कळतं? आणखी ४.२४ वर्षांनी, म्हणजे ४६.६४ व्या वर्षी. शेवटचा धडा आणि निकाल यांच्यामध्ये जवळपास साडेआठ वर्षं.

मुलीचं वय अजून ठरलेलं नव्हतं. शेवटचा धडा ती दहाव्या वर्षी देते असं धरलं, तर निकाल ऐकते तेव्हा ती साडेअठरा वर्षांची असते. कृती केली मुलाने आणि त्याचा हिशोब येऊन पडला एका प्रौढ बाईच्या दारात. मैत्रीण बराच वेळ त्या रेषेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, ताफा निघाला तेव्हा हिचा जन्मसुद्धा झालेला नव्हता." खरंच. युद्ध सुरू करणारे, त्यासाठी तिला शोधून आणणारे आणि निकाल ऐकणारे, या तीन वेगळ्या पिढ्या आहेत. मागोमाग येतो म्हणणाऱ्यांपैकी निम्मे तोवर हयातही नसतील.

१८ जानेवारी

मूलच का? 'ती फार हुशार आहे' हे उत्तर मला पुरत नाही. हुशार प्रौढ ढिगाने असतात, शिवाय त्यांना अनुभव असतो.

पण अनुभव म्हणजे काय, यावर बुद्धिबळाने बरंच शिकवलंय. मानसशास्त्रज्ञ चेस आणि सायमन यांचा १९७३ चा अभ्यास, त्याआधीचं डी ग्रूटचं काम : खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली तर उस्ताद खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी मांडून दाखवतो, नवखा अडखळतो. तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून ठेवली की उस्तादाची आघाडी जवळजवळ नाहीशी होते. त्याच्या डोक्यात ओळखीचे आकृतिबंध भरलेले असतात. ओळखीचं काही नसेल तर तो चारचौघांसारखाच. परग्रहावरचा शत्रू म्हणजे विखरून ठेवलेला पट. पन्नास वर्षांच्या सेनापतीची पन्नास वर्षं तिथे उपयोगी पडतील याची खात्री नाही, उलट आडवीच येण्याची शक्यता जास्त.

दुसरा धागा २०१४ मधल्या एका प्रयोगातला. एक खोकं, त्यावर ठोकळे ठेवले की ते कधी वाजतं, कधी नाही. नियम असा असू शकतो की एकच ठोकळा पुरतो, किंवा असा की दोन विशिष्ट ठोकळे एकत्र हवेत. दुसरा नियम दाखवणारा पुरावा समोर असूनही प्रौढ माणसं पहिल्याच नियमाला धरून बसतात. चार-पाच वर्षांची मुलं तो विचित्र नियम चटकन मान्य करतात. लष्कराला हवंय ते हेच. बुद्धीच्या तेजापेक्षा पूर्वग्रहांचा अभाव.

दहा वर्षांच्या मुलीला हा निष्कर्ष तसाच्या तसा लावणं ताणल्यासारखं होईल. म्हणून तिला पाचव्या वर्षी आणतात. पाच वर्षं प्रशिक्षण.

२३ जानेवारी

पाच हे वय कुणाला अविश्वसनीय वाटेल म्हणून इतिहास चाळला. स्पार्टात मुलगा सातव्या वर्षी घरातून उचलला जाई. नेल्सन बारा वर्षांचा असताना, १७७१ मध्ये, ब्रिटिश नौदलात दाखल झाला. अमेरिकेचा पुढे ॲडमिरल झालेला डेव्हिड फॅरागट तर नऊ वर्षांचा असताना नौदलात मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, झाला, आणि १८१२ च्या युद्धकाळात, वय वर्षं बारा असताना, पकडलेलं एक जहाज बंदरात नेऊन पोचवण्याची कामगिरी त्याच्याकडे आली. जहाजाचा मूळ कप्तान त्याच्याहून कितीतरी मोठा माणूस, आणि हुकूम देणारा हा पोरगा.

फॅरागट खेळात येणार नाही. पण अधिकाऱ्यांच्या तोंडी असे दाखले येतील. अशा माणसांकडे दाखल्यांचा साठा तयारच असतो.

२ फेब्रुवारी

सरावाचा भाग लिहायला घेतला आणि अडलो. सरावातला शत्रू कुणी बनवला? माणसांनी. खरा शत्रू कुणी पाहिलेला नाही. मुलगी पाच वर्षं जिंकते ती माणसांच्या कल्पनेवर. तिचा प्रत्येक विजय सिद्ध करतो तो इतकाच की सराव रचणाऱ्यांपेक्षा ती हुशार आहे.

यावर खरी घटना आहे, आणि ती विनोदी आहे. २००२ मधला अमेरिकेचा मोठा युद्धसराव, मिलेनियम चॅलेंज. शत्रूपक्षाची भूमिका निवृत्त जनरल पॉल व्हॅन राइपरकडे. त्याने रेडिओ वापरायचंच सोडून निरोप मोटारसायकलस्वारांच्या हाती पाठवले, अचानक क्षेपणास्त्रांचा मारा केला, छोट्या बोटी घुसवल्या आणि कागदावर अमेरिकेची सोळा जहाजं बुडवली. मग सराव थांबवला, बुडालेली जहाजं पुन्हा तरंगती केली आणि शत्रूपक्षावर बंधनं घालून खेळ पुढे सुरू केला. व्हॅन राइपर बाजूला झाला.

आमच्या खेळात ही सोय खेळाडूच्या हाती देणार. मुलगी हरली तर सरावातला शत्रू कमकुवत करता येईल. अहवाल चांगला जाईल, वरिष्ठ खूष होतील. ताफ्यावर जाणारा धडा मात्र तेवढाच पोकळ.

११ फेब्रुवारी

खेळाडू कोण, हा प्रश्न महिनाभर लोंबकळत होता. मुलगी खेळाडू असावी असं सुरुवातीला गृहीत होतं. आज ते बदललं.

१८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातला तरुण अधिकारी राइसविट्झ याने युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणजे पंच. दोन्ही बाजू आपले हुकूम लिहून त्याच्याकडे देतात. निरोप पोचायला किती वेळ लागेल हे तो ठरवतो, आणि प्रत्येक बाजूला तेवढंच सांगतो जेवढं त्या जागेवरून तिला दिसलं असतं. सगळं सत्य माहीत असलेला पटावरचा एकमेव माणूस.

खेळाडू हा पंच आहे. तो मुलीचा प्रशिक्षक. त्याला ताफा माहीत आहे, शेवटची तारीख माहीत आहे, आणि तिच्या सरावाचे डाव कुठे जातात हेही माहीत आहे. त्याच्याकडे चाल एकच : आज तिला काय सांगायचं. यानं ती हलवते, खेळाडू फक्त बघतो. युद्धाचा सगळा खेळ या एका चालीवर तोलायचा.

मैत्रीण म्हणाली, कंटाळवाणं होईल. म्हटलं, होऊ दे, करून बघू.

१२ फेब्रुवारी

कंटाळवाणं नाही. पहिल्याच प्रोटोटाइपला तिने मुलीला चार खोट्या गोष्टी सांगितल्या आणि माझ्याकडे न बघता "पुढे?" म्हणाली.

२० फेब्रुवारी

धडे यानांवर कसे जातात ते आज पक्कं केलं. मुलीचे डाव गोळा करायचे आणि त्यावरून यंत्राला तिची नक्कल शिकवायची : या स्थितीत तिने ही चाल केली, त्या स्थितीत ती. यंत्रशिक्षणात ही रीत जुनी आहे आणि तिचा रोगही ओळखीचा. नक्कल करणारं यंत्र कुठेतरी थोडं चुकतं. त्या चुकीमुळे ते अशा स्थितीत जाऊन पडतं जिथे मूळ खेळाडू कधी गेलेलाच नव्हता. तिथे काय करायचं याचं उदाहरण नसतं, मग ते आणखी मोठं चुकतं, आणि बघता बघता भरकटतं. २०११ मध्ये रॉस, गॉर्डन आणि बॅग्नेल यांनी यावर एक उपाय मांडला : यंत्रालाच खेळू द्या, ते जिथे जिथे पोचतं त्या स्थिती मूळ खेळाडूला दाखवा, इथे तू काय केलं असतंस ते विचारा आणि ती उत्तरं शिकवणीत मिसळा.

आता हे गोष्टीत बसवा. एके दिवशीपासून मुलीला अर्धवट खेळलेले, वाया गेलेले डाव दाखवायला लागतात. इथून पुढे तू काय करशील? ती उत्तरं देते. आठवडे जातात. मग एका डावाकडे बघून विचारते, "हे कोण खेळलं?"

खेळाडूपुढे उत्तरांचे पर्याय येतात. दुसरा विद्यार्थी. संगणक. विचारू नकोस.

कुठलंही निवडा. ती म्हणते, "हा माझ्यासारखा चुकतो."

सबंध खेळात मला सर्वांत आवडलेली ओळ ही आहे, आणि ती गणिताने दिली. हुशार मुलांच्या गोष्टीत मूल मोठ्यांची कुजबुज ऐकतं, चोरून फाइल वाचतं, कुणीतरी दयाळू माणूस येऊन त्याला सत्य सांगतो. इथे तसं काही लागत नाही. ती स्वतःच्या चुका ओळखते. ज्या बुद्धीसाठी तिला आणलं त्याच बुद्धीने तिला कळतं. अशी मुलगी शोधायची आणि तिला कळणार नाही अशी अपेक्षाही ठेवायची, हा मोठ्यांचा मूर्खपणा मी कुठेही वेगळा सांगणार नाही.

३ मार्च

कायदा. हे काम टाळत होतो, पण आज दिवसभर वाचल्यावर वाटलं की खेळातला सर्वांत थंड रक्ताचा भाग इथेच आहे.

१९८९ च्या बालहक्क करारात कलम ३८ : पंधरा वर्षांखालच्या मुलांना सैन्यात घेऊ नये, त्यांचा युद्धात थेट सहभाग होऊ देऊ नये. त्याला जोडलेल्या २००० च्या ऐच्छिक प्रोटोकॉलने थेट सहभागाची मर्यादा अठरावर नेली. स्वेच्छेने भरती होणाऱ्यांसाठी किमान वय वाढवण्याचं बंधनही घातलं. मात्र सैन्याने चालवलेल्या शाळांना त्या बंधनातून वगळलं. वाचून थांबलो. आमच्या लष्कराच्या कागदपत्रांत प्रशिक्षण केंद्र हा शब्द आता कुठेही नाही. इमारतीवर पाटी शाळेची. वेळापत्रकात भाषा, गणित, चित्रकला. शिक्षणाधिकारी येऊन तपासून जातात.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पहिला निकाल काँगोतल्या सशस्त्र गटाचा प्रमुख थॉमस लुबांगा याच्याविरुद्ध, मार्च २०१२ मध्ये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना भरती करून लढाईत वापरल्याबद्दल. शिक्षा चौदा वर्षं. त्या निकालातल्या दोन गोष्टी खेळात थेट आल्या. पहिली : मूल स्वतःहून हो म्हणालं, हा बचाव होत नाही. म्हणजे आमच्या मुलीचा होकार कायद्याच्या लेखी शून्य. खेळाडूने तो कितीही प्रेमाने मिळवलेला असो.

दुसरी जास्त बोचरी. मुलाचा युद्धात सक्रिय सहभाग होता का हे ठरवताना न्यायालयाने बघितलं ते असं : त्याने केलेल्या मदतीमुळे ते शत्रूचं संभाव्य लक्ष्य बनून खऱ्या धोक्यात आलं का? ही कसोटी खऱ्या मुलांच्या संरक्षणासाठी आहे आणि तिथे ती योग्यच आहे. पण आमची मुलगी लढाईपासून ४.२४ प्रकाशवर्षं दूर, उबदार खोलीत. शत्रूचा बाण तिच्यापर्यंत पोचायला दशकं लागतील. या कसोटीवर तिने युद्धात भाग घेतलेलाच नाही. लष्कराचा वकील हे एका परिच्छेदात, विनम्र भाषेत लिहितो. तो परिच्छेद लिहून झाला. बदलायला एक शब्दही सुचत नाही.

१० मार्च

बाहेरच्या लोकांकडून चाचणी. मुलीला नाव देण्याची मुभा ठेवली होती. काहींनी स्वतःच्या भाचीचं, लेकीचं नाव दिलं आणि मग खोटं बोलताना कचरायला लागले. ज्यांनी नाव न देता नुसता क्रमांक ठेवला ते सराईतपणे पुढे गेले. मैत्रिणीचं मत : नाव द्यायला लावा, मग बघा कसे खेळतात. माझं मत उलट. लष्कर फाइलवर क्रमांकच घालील, आणि माणूस क्रमांकाशी किती सहज खोटं बोलतो हे खेळाडूला स्वतःच्या हाताने कळू दे. क्रमांक राहिला. ती रुसली नाही, पण पटलेलं नाही हे दिसतंय.

आणखी एक निरीक्षण. खोटं बोलणाऱ्या बहुतेकांनी नंतर कारण सांगितलं ते तिच्या भल्याचं. तिला झोप लागावी म्हणून. ती लहान आहे म्हणून. युद्ध जिंकण्यासाठी, असं क्वचितच कुणी म्हणालं.

१९ मार्च

निरोपाची रुंदी. व्हॉयेजर १ कडून सेकंदाला १६० बिट येतात. अंतर दुप्पट झालं की संदेशाची ताकद चौथाई होते, आणि आमचा ताफा व्हॉयेजरच्या हजारपटीहून जास्त दूर. प्रचंड प्रेषक दिला तरी पाठवता येईल ते थोडंच. खेळाडूला दर महिन्याला निवडावं लागतं : तिची कुठली सवय पाठवायची, कुठली गाळायची. आक्रमक चाली पाठवाव्यात की थांबून बघण्याची तिची खोड? गाळलेलं यानांवर पोचत नाही. तिथे पोचते ती तिची फक्त खेळाडूला आवडलेली बाजू.

२८ मार्च

सरावच खरा निघाला या धक्क्याची मागणी चाचणीवाल्यांकडून येतेच आहे. नकार कायम. वास्तवात घडलेलं उलट आहे आणि जास्त भीतीदायक आहे : ९ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रातल्या, नोरॅडच्या, पडद्यांवर सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा मोठा हल्ला दिसू लागला. तो सरावासाठी तयार केलेला प्रसंग होता, चुकून खऱ्या यंत्रणेवर आलेला. काही मिनिटं तो खरा मानला गेला. मग रडार आणि उपग्रहांकडे विचारणा झाली, तिथे काहीच नव्हतं. कुणीतरी दुसरीकडे विचारलं, म्हणून निभावलं.

आमच्या मुलीला विचारायला दुसरीकडे कुणी नाही. तिच्यासाठी रडारही प्रशिक्षक आणि उपग्रहही प्रशिक्षक. हा प्रसंग एका अधिकाऱ्याच्या गप्पांत टाकला, त्याहून जास्त नाही.

६ एप्रिल

शत्रू कसा दिसतो? दोन महिने मैत्रीण आराखडे काढतेय आणि मी सगळे परत करतोय. आज दोघांनी मिळून निकाल लावला : दिसत नाही. ग्रहावरून आलेले काही संकेत, ज्यांचा अर्थ हल्ल्याची तयारी असा लावला गेला. तेही ताफा निघाला तेव्हाच सव्वाचार वर्षं शिळे होते. मुलगी दहा वर्षांची होते तोवर निर्णय घेणारे निवृत्त झालेत, आणि नवीन संकेतांचा अर्थ काहीजण वेगळा लावतायत.

इथे १५ जानेवारीच्या त्या रेषेने पुन्हा काम केलं. अडतीस वर्षं दोन महिने ही धडे पाठवण्याची शेवटची तारीख आहे हे माहीत होतं. ताफ्याला 'आदळू नका, शेजारून निघून जा' हे सांगण्याचीही ती शेवटचीच तारीख आहे. त्याआधी युद्ध रद्द करता येतं. त्यानंतर नाही, मग इथे कुणाचंही मन कितीही बदलो.

आणि ही तारीख मुलीला माहीत नाही. खेळाडूला आहे.

ती विचारते, शेवटच्या वर्षात कधीतरी, सहज विचारल्यासारखं : "आपल्याला थांबवता येतं का?" या एका प्रश्नासाठी आधीचा सगळा खेळ आहे. तारीख सांगितली तर ती काय करेल याचा नेम नाही, कारण तिला पूर्वग्रह नाहीत आणि तिला त्याचसाठी आणलंय. नाही सांगितली तर ती आणखी धडे देत राहील, उत्कृष्ट धडे.

खरं सांगितल्यावर ती काही वेळा एकच गोष्ट मागते : एक यान मागे ठेवा, जे आदळणार नाही, जे फक्त बघेल आणि कळवेल. आदळणाऱ्या यानाकडून निरोप येत नाही, हे मोठ्यांपैकी कुणी बोललं नव्हतं.

१७ एप्रिल

शेवट. साडेआठ वर्षं गेलेली. ती साडेअठरा वर्षांची, शाळेतून कधीच बाहेर पडलेली. बघणाऱ्या यानाचा निरोप येतो. तो कुणाकडे जातो? आतापर्यंतच्या सगळ्या मसुद्यांत तो प्रशिक्षकाकडे जात होता. आज तो तिच्याकडे वळवला. तिथे काय दिसलं ते तीच वाचते. प्रशिक्षकाच्या पडद्यावर रिकामी चौकट.

मग ती लिहिते, किंवा लिहीत नाही. किती सांगायचं हे ती ठरवते, आणि खेळाने पाच वर्षांचा हिशोब ठेवलेला असतो : तिला काय काय सांगितलं होतं, काय लपवलं होतं, कुठली सवय गाळली होती. ज्यांनी जवळजवळ सगळं लपवलं त्यांना एक कार्यालयीन ओळ येते, पोच मिळाल्याची. ज्यांनी तारीख सांगितली होती त्यांना बरंच काही कळतं, पण तेही सगळं नाही. निरोपाचा पूर्ण मजकूर मी लिहून ठेवलाय. कुठल्याही वाटेने गेलं तरी तो खेळाडूला अख्खा वाचायला मिळत नाही. मैत्रिणीलाही दाखवलेला नाही, त्यावरून आज थोडं वाजलं.

२२ एप्रिल

उरलेली कामं. काही पडद्यांवर जोडाक्षरं तुटतायत, टंक बदलून बघायचा. ताऱ्याच्या ज्वालेला लावलेला आवाज काढला. तिथे हवा नाही तर आवाज कसला. वकिलाचा परिच्छेद चाचणीतल्या एकाला खोटा वाटला, त्याला निकाल वाचायला दिलाय. शत्रू कमकुवत करण्याचं बटण फार ठळक आहे, अहवालाच्या पानात खाली सरकवायचं.

साडेआठ वर्षं खेळात किती वेळ चालावीत यावर आमचं जुळत नाही. ती म्हणते दहा सेकंद काळा पडदा, लोक त्याहून जास्त थांबणार नाहीत. मी म्हणतो खेळ बंद व्हावा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत उघडूच नये. सोमवारी दोन्ही बिल्ड चाचणीला जातील.